आत्या आली की खोवणीवरून उठू नये

सेमिसीच्या घराला बाहेरचं दार नव्हतं. दाराच्या जागी निळ्या फुलांचा पडदा होता, आणि नवख्या माणसाने त्याबद्दल विचारलं की घरातलं जे कोणी जवळ बसलेलं असेल ते हातातलं काम न सोडता सांगायचं, "दार ऑकलंडला असतं."

एखाद्याचा मुलगा ऑकलंडला असतो, तसं. काही वर्षांपूर्वी फातई आत्या ऑकलंडहून टोंगातल्या वावाउ बेटावर, या घरी आली होती. फातई म्हणजे सेमिसीची थोरली बहीण. त्या दारावर त्यांच्या वडिलांनी, फातई लहान असताना, तिच्या उंचीच्या खुणा चाकूने कोरून ठेवल्या होत्या. आत्याने त्या खुणांवरून बोट फिरवलं आणि "अगं बाई, अजून आहेत या?" एवढंच म्हणाली. संध्याकाळी सेमिसी पेचकस घेऊन बिजागऱ्या सोडवत बसला होता.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणतात. टोंगात मिशांची गरज पडत नाही. इथे काका आत्यासमोर मांडी आवळून बसतो. भावाच्या घरातली कुठलीही वस्तू आत्याने हातात घेऊन कौतुकाचा एक शब्द काढला की ती वस्तू आत्याची. मागायचीसुद्धा गरज नाही. मागणं हे खालच्या माणसांचं काम. अशा रीतीने या घरातून शिवणयंत्र गेलं, रेडिओ गेला, आजोबांचा फोटो गेला आणि फोटोमागचा खिळा गेला. खिळा छान होता.

सेमिसीची थोरली मुलगी लेसिएली नेयाफूच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं विकायची. दिवसभर खिडकीत बसून लोकांना "बोट आज नाही" असं शांतपणे सांगायची तिला सवय होती. पण त्या गुरुवारी आईने जे जाहीर केलं त्याने तिचीही शांतता ढळली.

"रविवारी जेवणं झाली की जुनी पेटी उघडायची," आई म्हणाली. आईचं नाव हिंगानो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि चेहरा असा होता की ठरलेलं आहे.

"कशाला?"

"वन्सं येतायत ना परवा. आजीच्या वस्तू बाहेर काढायच्या. एकेक हातात घ्यायची, प्रत्येकाने आठवण सांगायची. चर्चच्या पाळकीणबाई महिला मंडळात म्हणाल्या, असं केलं की घर एकत्र येतं."

"आई, आपल्याकडे असं केलं की घर सुटं होऊन जहाजाने ऑकलंडला जातं."

"तुला आत्याचा राग येतो."

"राग येत नाही. अंदाज येतो."

धाकटी पुआ चटईवर पालथी पडून पाय हलवत होती. "पेटी उघडू नका," ती म्हणाली. "बंदच देऊन टाका. वेळ वाचेल."

"तुम्ही दोघी ना," आई म्हणाली, "आठवणींनाच भिता."

लेसिएली आठवणींना भीत नव्हती. आठवण सांगितली की वस्तूचं मोल वाढतं, आणि मोल वाढलं की आत्याला कळतं, एवढंच तिचं म्हणणं होतं. बिनआठवणीच्या वस्तूंना आत्या हात लावत नसे. घरात प्लॅस्टिकची बादली म्हणूनच टिकून होती.

आणि पेटीतल्या वस्तूंचंही तिला फारसं काही नव्हतं. पंखा गेला तर गेला. तिचा जीव अडकला होता खोवणीत.

खोवणी आजीची. लेसिएली पहिली नात, म्हणून रीतीप्रमाणे ती आजीकडेच वाढली होती, आणि आजीकडे वाढणं म्हणजे खोवणीच्या आसपास वाढणं. नीरफणसाच्या लाकडाचा पाट, चार आखूड पाय, पुढे कासवाच्या मानेसारखं बाहेर आलेलं दातेरी पातं. ते पातं कुठल्याशा ट्रकच्या कमानपाट्यातून कापलेलं होतं. पाट डावीकडे खोलगट झिजला होता, कारण आजीची उजवी कंबर दुखायची असं सगळे म्हणत. आजी गेल्यापासून रोज पहाटे लेसिएली त्यावर बसून नारळ खोवायची, आणि झिजलेल्या जागी बसून बसून तीही डावीकडे कलली होती. तिकिटाच्या खिडकीत बसली तरी कललेली दिसायची. प्रवाशांना वाटायचं, ही कुणाचं तरी ऐकायला वाकली आहे.

मागच्या खेपेला खोवणी वाचली ती आजीमुळे. आत्या घरात होती तेवढे दिवस आजी खोवणीवरून उठलीच नव्हती. त्याबद्दल ती कुणाशी एक अक्षर बोलली नाही, पण त्या दिवसांत घराने इतकं खोबरं खाल्लं की शेवटी कुत्रा ताट बघून शेजारी निघून जाई.

"लपवू या," रात्रीच्या भांड्यांना बसल्यावर पुआ म्हणाली.

"कुठे?"

"शेजारी."

"शेजारी कोण आहे?"

पुआने विचार केला. शेजारी आत्याच्या नवऱ्याचा चुलतभाऊ होता.

"आणि रविवारी अळू कशात करायचं?" लेसिएली म्हणाली. "नारळाच्या दुधाशिवाय अळू म्हणजे नुसता पाला. दुसऱ्याची खोवणी आणली तर आत्या पहिलं काय विचारेल? आपली कुठे गेली. मग शोधेल. शोधून काढलेली वस्तू तर आणखीच छान दिसते."

"मग निंदा करू. ती काही बघायला लागली की आपण म्हणायचं, शी, भिकार आहे. आठवण कुणी सांगायचीच नाही. आईने सुरुवात केली की मी खोकते."

दुसरा उपाय सुचत नव्हता, म्हणून हाच ठरला.

शनिवारी आत्या उतरली. भरघोस बाई, सगळ्यांचे गाल हुंगून ओले करणारी, आणि खरोखर प्रेमळ. अडचण तीच होती. घराचे पत्रे, पुआचे बूट, बाबांचा चष्मा, सगळं आत्याने पाठवलेलं, त्यामुळे तिच्यावर नीट चिडायचीही सोय नव्हती. या खेपेला तिने डबाबंद मांसाची दोन खोकी आणि ब्लँकेटं आणली होती. शिवाय चाकांची एक मोठी बॅग. बॅग उघडली तर आत तेवढीच दुसरी बॅग. तिच्या आत तिसरी. तिसरी रिकामी होती.

पुआने लेसिएलीकडे पाहिलं. लेसिएलीने छपराकडे पाहिलं. छप्पर आत्याचंच होतं, पण ते बॅगेत मावणार नव्हतं.

बाबा घरात नव्हते. बहीण घरात असली की भावाने पाय पसरायचे नाहीत, थट्टा करायची नाही, मोठ्याने जांभईसुद्धा द्यायची नाही. त्यापेक्षा बाबा कोनफळांच्या मळ्यात जात. आत्या यायची त्या वर्षी कोनफळं फार चांगली येत.

लेसिएली त्यांना गाठायला मळ्यात गेली.

"बाबा, तुम्ही फक्त एक शब्द बोला."

"कुठला?"

"नको."

बाबांनी कुदळीवर हनुवटी टेकून त्या शब्दाचा बराच वेळ विचार केला. "तो शब्द ताईसमोर मी कधी वापरलेला नाही," ते म्हणाले. "माझ्याच्याने निघायचा नाही. घशातच मरेल."

"खोवणी जाईल, बाबा."

"जाईल."

"तुमच्या आईची खोवणी."

"तिचीही आईच ना ती." बाबांनी एक ढेकूळ फोडलं. "आत्याला कोण अडवणार, पोरी. तिच्याकडून काही काढून घ्यायचं तर तिची आत्या पाहिजे."

ते सहज म्हणाले आणि थांबले. लेसिएलीही थांबली. दोघांनी गावाच्या टोकाकडे पाहिलं, जिथे शेवटच्या घराच्या चुलीचा धूर वर चालला होता.

"मेलेनाइते आत्या," बाबा हळूच म्हणाले. "आहे ना ती अजून?"

"मागच्या रविवारी चर्चमध्ये होती. झोपलेली होती, पण होती."

मेलेनाइते म्हणजे बाबांच्या वडिलांची बहीण. बाबांची आणि फातई आत्याची सख्खी आत्या. वय नव्वदीच्या पुढे कुठेतरी. ते ज्यांना माहीत होतं ते सगळे पुरून झाले होते. मान एवढा मोठा की त्याचं काय करायचं हे कुणाला कळत नसे, म्हणून गाव आळीपाळीने तिला चहा नेऊन द्यायचं आणि खिडकी बंद करून यायचं. तिने कित्येक वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. लेसिएलीला तीच गोष्ट पसंत पडली. म्हातारी नुसती बसली तरी पुरे. तिच्यासमोर फातई आत्या भाची होणार, आणि भाची होऊन काही उचलणार कशी?

हिशेब चोख होता. तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला हिशेब चोख वाटले की काळजी घ्यावी, कारण बोट तरीही येत नाही. पण ते नंतर.

"कोण?" मेलेनाइते अंधाऱ्या खोलीतून म्हणाली.

"लेसिएली. सेमिसीची मुलगी, मोठी आजी."

"सेमिसीला मुलगी आहे?"

"दोन."

"कुणाला विचारून?"

लेसिएलीने उद्याच्या जेवणाचं आमंत्रण दिलं.

"काय आहे जेवायला?"

"अळू. मटण घालून."

"खोबरं कोण खोवतं?"

"मी."

"बारीक?"

"बारीक."

म्हातारीने थोडा वेळ घेतला. झोप लागली की काय असं वाटेपर्यंत घेतला. "येईन," ती म्हणाली. "खिडकी बंद कर."

रविवारी प्रार्थनेनंतर मेलेनाइतेला शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये मागे खुर्ची बांधून आणलं. ती पडद्यातून आत आली आणि फातई आत्याचं जे झालं ते बघायला लेसिएलीने बोटीची वर्षभराची तिकिटं फुकट वाटली असती. आत्या जागच्या जागी खाली बसली. झगा घोट्यापर्यंत ओढला. आवाज बारीक झाला. एवढी थोरली बाई बघता बघता शाळेत उशिरा पोचलेली मुलगी झाली.

"ही कोण?" मेलेनाइतेने विचारलं.

"फातई, आत्या," फातई आत्या म्हणाली.

"जाड झालीस."

"हो, आत्या."

लेसिएलीने अळूचा दुसरा वाटा घेतला. जेवण चविष्ट झालं होतं.

पण जेवण झाल्यावर मेलेनाइते मानाच्या चटईवर, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपली. गाढ झोपली. तिच्या घोरण्याने पडदा हलत होता. आणि घोरणं जसजसं लयीत आलं, तसतसा फातई आत्याचा आवाज परत मूळ जागी आला. चहाच्या दुसऱ्या पेल्याला तर ती हसायलाही लागली होती.

"काढ गं हिंगानो पेटी," ती म्हणाली. "किती दिवस झाले आईच्या वस्तूंना हात लावून."

आईने पेटी उघडली. चंदनाचा, कापराचा आणि उंदरांचा असा मिळून एक वास आला. बाबा दाराशी, म्हणजे पडद्याशी, पाठ करून बसले होते. बहिणीच्या समोर बसायचं नाही ही रीत त्यांनी इतक्या आनंदाने कधी पाळली नसेल.

लेसिएलीने आपली जागा आधीच घेतली होती. मागच्या कोपऱ्यात खोवणी मांडून ती तिच्यावर घट्ट बसली होती आणि हातात नारळ घेऊन खोवत होती. जेवणं झाली होती, भांडी घासून झाली होती, खोबऱ्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता. ती खोवत राहिली. आजीचा वारसा हाच होता, असं तिला त्या क्षणी वाटलं.

"हा सासूबाईंचा विणलेला पंखा," आईने सुरुवात केली. "गायनमंडळात बसल्या की त्या या पंख्याने—"

पुआ खोकली.

"याला उंदराचा वास येतो," लेसिएली कोपऱ्यातून म्हणाली.

आत्याने पंखा नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "आईच्या झग्यालाही यायचा," ती म्हणाली. पंखा बॅगेत गेला.

मग कमरेला बांधायची जुनी चटई निघाली. पुआला खोकायचा कंटाळा आला असावा. "ही फाटलीय," ती जोरात म्हणाली. "बघ, आत्या, पार चिंध्या झाल्यात."

लेसिएलीने खोवणं थांबवून धाकट्या बहिणीकडे बघितलं. कमरेची चटई जितकी फाटकी तितका तिचा मान, हे टोंगातल्या तान्ह्या पोरालाही कळतं. पुआला ते जन्मल्यापासून माहीत होतं. पण निंदेच्या भरात माणूस जन्मापासूनचं विसरतं.

"चिंध्या," आत्या गहिवरून म्हणाली आणि चटई कपाळाला लावली. "म्हणजे आईच्याही आईची असणार." चटई बॅगेत गेली.

"सॉरी," पुआ कुजबुजली.

कोळशाची इस्त्री निघाली. लेसिएली म्हणाली, ही कपडे जाळते. आत्या म्हणाली, हो गं, माझा एकुलता एक चांगला झगा हिनेच जाळला होता, आई आणि मी दोघी रडलो होतो. इस्त्री बॅगेत गेली. लेसिएली जेवढी निंदा करी तेवढी ती वस्तू आत्याला जास्त आठवे. शेवटी लेसिएली गप्प बसली, तर आत्या म्हणाली, "बघ, तुझाही कंठ दाटून आला."

आई डोळे पुसत होती. तिच्या दृष्टीने सगळं पाळकीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे चाललं होतं.

पेटी संपली. आत्याने समाधानाने सुस्कारा सोडला, खोलीभर नजर फिरवली आणि ती नजर कोपऱ्यात येऊन थांबली.

"लेसिएली, तू तिथे उंचावर काय करतेस?"

घोरणंसुद्धा जरा दबलं. सगळे चटईवर बसले होते. आत्या चटईवर होती. आणि आत्याची भाची पाटावर, वीतभर का होईना, आत्याच्या डोक्याच्या वर बसली होती. या घरात आजवर पुष्कळ वस्तू गेल्या होत्या, पण असला प्रकार झाला नव्हता. आईने डोळ्यांनी जे सांगितलं ते शब्दांत सांगायला बराच वेळ लागला असता.

आजीला हे चाललं होतं, कारण आजी आत्याची आई होती. लेसिएलीने हे लक्षातच घेतलं नव्हतं.

ती उतरली. खाली बसली, पण एक हात पाटावर तसाच ठेवला. आत्या बसल्या बसल्या सरकत सरकत आली. तिनेही आपला एक हात पाटावर ठेवला, बरोबर डावीकडच्या खोलगट जागी, आणि तिचा चेहरा हळूहळू दारावरच्या खुणा बघताना झाला होता तसा झाला.

"अगं बा—" आत्याने सुरुवात केली.

"काय आहे ते?" मेलेनाइते म्हणाली.

म्हातारीचे डोळे उघडे होते. कधी उघडले कुणी पाहिलं नव्हतं.

"खोवणी आहे, आत्या," फातई आत्या बारीक आवाजात म्हणाली.

"कुणाची?"

"आईची," आत्या म्हणाली. "आजीची," लेसिएली त्याच वेळी म्हणाली. दोघी एकाच बाईबद्दल बोलत होत्या, तरी एकमेकींकडे बघवेना.

"इकडे आणा."

खोवणी नेली. मेलेनाइतेने ती मांडीवर घेऊन चाचपली, पाय, पाट, खोलगट भाग, पात्याचे दात. "माझ्या भावाने केलेली," ती म्हणाली. "लग्नात कालोलाइनेला दिलेली." कालोलाइने म्हणजे आजी. "छान आहे."

झालं. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. पडद्याशी पाठ करून बसलेल्या बाबांच्या पाठीलाही कळलं.

"माझ्यापाशी ठेवा ही," मेलेनाइते म्हणाली. मग तिला तरतरी आली. "आणखी काय आहे?"

आणखी पुष्कळ होतं. कित्येक वर्षांची झोप झालेली ती बाई होती. पंखा बॅगेतून बाहेर आला, तो छान होता. चटई आली. इस्त्री आली. मग ज्या बॅगेतून हे सगळं येत होतं तिच्याकडे म्हातारीचं लक्ष गेलं. "याला चाकं आहेत? बघू. छान आहेत." आत्याचा लोकरीचा अंगरखा छान होता, गरम होता. मांसाचे डबे तर फारच छान होते. शेवटी मेलेनाइतेने हात पुढे केला, फातई आत्याच्या नाकावरून चष्मा उचलला, स्वतःच्या नाकावर ठेवला आणि सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"सेमिसी, म्हातारा झालास," ती म्हणाली. मग तिची नजर पडद्यावर गेली. "दार कुठाय?"

बाबा पडद्यापासून वीतभर सरकले.

"माझ्या भावाने दार केलं होतं इथे. मी येते तेव्हा पडदा दिसतो. मला वाटायचं, माझे डोळे गेले."

"ऑकलंडला आहे, आत्या," फातई आत्या म्हणाली. "माझ्या बैठकीच्या खोलीत. भिंतीला टेकवून."

"मागव."

लेसिएलीच्या मनात एकदम उजेड पडला. खोवणी गेली, पण दार येणार होतं. निदान कुत्रा आत यायचा थांबला असता. "कुठे लावायचं, मोठी आजी?" तिने विचारलं.

"माझ्याकडे."

"तुमच्या घराला दार आहे."

"मग दोन होतील," मेलेनाइते म्हणाली. "हिंगानो, चांगला कार्यक्रम केलास. पुढच्या रविवारी परत कर."

ओझं जास्त झालं म्हणून पिकअपला दोन खेपा कराव्या लागल्या. पहिली खेप वस्तूंची होती.

"बघ," मोकळ्या पेटीचं झाकण लावत आई म्हणाली, "सगळे कसे बोलते झाले."

"आई," लेसिएली म्हणाली, आणि पुढचं सगळं गिळलं. चोराच्या भीतीने ती दरोडेखोराला घरी जेवायला घेऊन आली होती, आणि वर खोबरं बारीक खोवून वाढलं होतं.

बाबा मळ्याकडे निघाले होते. जाता जाता म्हणाले, "पण बघ, नको म्हणायची वेळ आली नाही."

सोमवारी उजाडता उजाडता निरोप आला. मोठी आजी म्हणते, खोवणी आहे, खोवणारी नाही. पाठवा.

तेव्हापासून लेसिएली नारळांची पिशवी घेऊन गावाच्या टोकाला जाऊ लागली. आधी ती आपल्या चुलीपाशी आपल्या घरासाठी खोवायची; आता दुसऱ्याच्या चुलीपाशी, आपल्याच खोवणीवर, जी आपली नव्हती, दुसऱ्यासाठी खोवायची आणि मग आपल्या घरचं खोबरं वेगळं खोवून धावत धक्क्यावर जायची. उशीर व्हायचा. सुदैवाने बोटीलाही व्हायचा.

"जाड पडतंय," मेलेनाइते आतून म्हणायची. आत्याचा चष्मा लागल्यापासून तिला सगळं दिसत होतं. गावाची मोठी गैरसोय झाली होती.

दोन-तीन दिवसांनी सकाळी फातई आत्या तिथे आली. चष्मा नसल्याने उंबऱ्याला अडखळली. लेसिएलीने मान वर केली नाही. एक करवंटी संपवली, दुसरी घेतली. आत्या खाली जमिनीवर बसली आणि खोबरं पडताना बघत राहिली. जमिनीवर बसलेल्या आत्यासमोर पाटावर बसणं चुकीचं होतं, पण या घरात हुकूम मेलेनाइतेचा होता आणि हुकूम खोवायचा होता.

"आत्या," शेवटी लेसिएलीनेच विचारलं, "ऑकलंडला नारळाचं दूध डब्यात मिळतं ना?"

"मिळतं."

"तू डब्यातलंच वापरतेस."

"तेच. कोण खोवत बसतंय."

"मग खोवणी नेऊन काय करणार होतीस?"

आत्याने खाली पडलेला खोबऱ्याचा चुरा बोटाने गोळा केला. "बसणार होते," ती म्हणाली.

लेसिएलीला या उत्तरावर पुष्कळ टोमणे सुचले. चांगले होते. तिने एकही मारला नाही, त्याचं तिला पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं. ती उठली. "बस," ती म्हणाली.

आत्या आधी मधोमध बसली. मग न कळत डावीकडे सरकली आणि त्या खोलगट जागेत तिचं बूड असं जाऊन विसावलं, की जणू मोजूनच केलं होतं.

"आईची कंबर दुखायची बिचारीची," आत्या म्हणाली. "म्हणून अशी कडेला बसायची."

"कुणाची कंबर?" आतून आवाज आला. मेलेनाइते काठीचा आधार घेत दारात आली. "कालोलाइनेची? बैलासारखी कंबर होती तिची. काही दुखत नव्हती."

"मग कडेला का बसायची?"

"उरलेल्या जागेवर तू बसायचीस म्हणून."

"मी?" आत्या म्हणाली.

"मी?" लेसिएलीही म्हणाली, कारण म्हातारीचा चष्मा नक्की कुणाकडे होता ते कळत नव्हतं.

"आधी तू. मग ही. मध्ये सेमिसी. कुणीतरी चिकटलेलं असायचंच. हाकललं की परत यायचं." मेलेनाइतेने नाक ओढलं. "आख्ख्या जन्मात त्या बाईला पाट पुरा मिळाला नाही. आता खोवा. दोघी मिळून एक नारळ होत नाही तुमच्याकडून."

ती आत गेली. आत्या आणि लेसिएली पाटाकडे बघत राहिल्या. उजवीकडे वीतभर जागा होती, सपाट, न झिजलेली. एखादं पोर मावेल एवढी.

"मावतेस का बघ," आत्या म्हणाली.

"आत्या, मी काय पोर आहे का."

"बघ तर."

लेसिएली बसली. अर्धी मावली. आत्या आणखी सरकली. आता तीही अर्धीच मावत होती. दोघींचे खांदे एकमेकींत रुतले, आत्याच्या अंगाला ऑकलंडच्या साबणाचा वास येत होता आणि त्याखाली कुठेतरी उंदराचा. लेसिएलीने नारळ पात्याला लावला. एकदा खोवला. दुसऱ्यांदा जोर केला.

कट्ट असा आवाज झाला आणि दोघी उजवीकडे कलंडल्या.

"काय मोडलं?" आतून मेलेनाइते म्हणाली.

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

उजवा मागचा पाय निखळून बाजूला पडला होता. आत्याने तो उचलला, लांब धरून डोळे बारीक करून पाहिला आणि पटकन आपल्या झग्याच्या खिशात टाकला. एवढी एकच वस्तू या खेपेला तिच्या वाट्याला आली. लेसिएलीने कोनाड्यातल्या मांसाच्या डब्यांतला एक घेतला आणि पाटाखाली सरकवला. उंची बरोबर होती. पाट थोडा डुगडुगत होता, पण डावीकडे नव्हे.

ती परत खोवायला बसली. डबा जमिनीवर कुरकुरला.

"तो आवाज कसला?"

"दाराचा, मोठी आजी," लेसिएली म्हणाली.

"कुठल्या?"

"तुमच्या. आत्ता आहे त्या."

"दुसरं आलं की हे काढून टाकू," मेलेनाइते म्हणाली. "ते मजबूत आहे. माझ्या भावाने केलेलं."

"हे आम्हाला द्याल?" लेसिएलीने विचारलं. "घराला पडदा आहे आमच्या."

आत्याने लेसिएलीच्या खांद्याला हलकेच कोपर मारलं. मेलेनाइतेकडे काही मागायचं नसतं, पण विचारून झालं होतं.

"बघू," आतून आवाज आला. "आधी बारीक खोव."